बाराच्या उन्हातला फोटो

कोपरखैरण्यात माथाडी कामगारांच्या बैठ्या घरांची रांग संपते तिथं, पिठाच्या गिरणीला खेटून जोतीरामचा स्टुडिओ होता. आधी त्या गाळ्यात बांगड्यांचं दुकान होतं. त्याची 'राजलक्ष्मी' ही पाटी जोतीरामनं तशीच ठेवली आणि खाली 'फोटो स्टुडिओ' एवढं रंगवून घेतलं. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'बाहेरचे फोटो सकाळी साडेसात ते नऊ व संध्याकाळी पाच ते साडेसहा. मधल्या वेळात फक्त पासपोर्ट.' ती वाचून येणारे-जाणारे विचारायचे, हा फोटोवाला आहे की दूधवाला? जोतीराम हसायचा, पण वेळ काही बदलायचा नाही.

एकदा एक जण नवी मोटारसायकल घेऊन भर दुपारी आला. हार सुकायच्या आत फोटो पाहिजे म्हणाला. जोतीरामनं त्याला चहा पाजला, पंख्याखाली बसवला, गावाकडच्या गोष्टी काढल्या आणि पाच वाजेपर्यंत उठू म्हणून दिलं नाही. हार सुकला तो सुकलाच. फोटो मात्र असा आला की त्या माणसानं तो मोठा करून देव्हाऱ्याशेजारी लावला.

हे वेड त्याला बाजारात लागलं होतं. खटावकडून आलेला जोतीराम आधी कांदा-बटाट्याच्या बाजारात पोती वाहायचा. पहाटे गाड्या खाली व्हायच्या, आणि पारसिकच्या डोंगराआडून सूर्यानं डोकं वर काढलं की शेडमध्ये तिरपं ऊन शिरायचं. त्या उन्हात कांद्याची उडणारी सालं सोन्याच्या वर्खासारखी दिसायची. दहा वाजले की तोच ढीग, तीच सालं आणि सगळा कचरा. पाठीवर पोतं घेऊन जाता जाता तो हे बघायचा आणि मागच्या माणसाच्या शिव्या खायचा. पुढे मणका सरकला, पोतं कायमचं सुटलं. मग त्यानं जुन्या बाजारातून याशिकाचा कॅमेरा आणला. शिकवणारं कुणी नव्हतं. ऊन बघत बघतच तो शिकला.

त्याचं म्हणणं साधं होतं. दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं. ते डोळ्यांखाली खड्डे पाडतं, नाकाखाली मिशी काढतं, आणि डोळे बारीक करून बघणारा शहाणासुरता माणूसही भांडायला उठल्यासारखा दिसतो. सकाळ-संध्याकाळचं ऊन समोरून, जरासं बाजूनं येतं आणि आई तोंडावरून हात फिरवते तसं फिरतं. त्यातही सकाळचं ऊन स्वच्छ, संध्याकाळचं हळदीचं. म्हणून लहान पोरं सकाळी आणि लग्नाच्या पोरी संध्याकाळी, अशी त्यानं वाटणीच करून टाकली होती.

खरं नाव झालं ते या लग्नाच्या पोरींमुळेच. त्याच्याबरोबर पोती वाहणारा धर्मराज एकदा बहिणीला घेऊन आला. स्मिता तिचं नाव. चार ठिकाणांहून फोटो परत आले होते. जोतीरामनं तिला खाडीकडच्या बांधावर नेलं. सूर्य मुंबईच्या अंगाला उतरत होता. तिला डाव्या खांद्यावर ऊन घेऊन उभी केली, दुसऱ्या गालावर अंधार राहू नये म्हणून समोरून थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला, आणि तिला म्हणाला, "डोळं मीट. आता उघड. बास." तो फोटो गेला आणि पंधरा दिवसांत सुपारी फुटली. त्यानंतर घणसोलीपासून तुर्भ्यापर्यंत माथाड्यांच्या घरांतून बोललं जाऊ लागलं की जोतीरामचा फोटो म्हणजे निम्मं लगीन. म्हाताऱ्या कुरकुरायच्या, तिन्हीसांजेला पोर उघड्यावर कशाला उभी करता? मग एखादी आई पदराला मीठ-मोहरी बांधूनच यायची. फोटो झाला की बांधावरच पोरीची दृष्ट काढायची आणि मीठ खाडीत टाकायची.

या सगळ्या पोरींच्या गालावर थर्माकोलचा उजेड टाकायला कोण उभं असायचं? जोतीरामची थोरली लेक उज्वला. दहा वर्षांची होती तेव्हापासून ती बापाबरोबर बांधावर जायची. तुकडा किती वाकवला की हनुवटी उजळते, किती जवळ आणला की डोळे दिपतात, हे तिला बापापेक्षा नीट कळायचं. "आप्पा, अजून दहा मिनिटं थांबा, ऊन अजून कडक आहे," असं ती म्हणायची, आणि जोतीराम निमूट थांबायचा. साऱ्या वसाहतीत त्याला थांबवणारं तेवढंच एक माणूस होतं.

उज्वला बापाच्या आईवर गेली होती. उंच, सडपातळ, टपोऱ्या डोळ्यांची आणि रंगानं काळी. सावळी नव्हे, काळी. बारावी झाली, वसाहतीतल्या बालवाडीत शिकवायला लागली, पोरं तिच्या पायांना चिकटून असायची. पण लग्नाच्या बाजारात बालवाडी कोण विचारतं? त्र्याण्णव सालात तीन स्थळं आली. तिघांनी पोहे खाल्ले, तिघांनी 'कळवतो' म्हटलं आणि तिघांनीही कळवलं नाही. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा तिची आई शकुबाई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. उज्वलाच उलट तिला सांगत होती, "आई, टेन्शन नको घेऊस. त्यांना नाही पटलं, विषय संपला."

चौथं स्थळ गावाकडच्या सिताराम मास्तरांनी आणलं. मुलगा कुलदीप, कोरेगावकडचा, कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीवर सुपरवायझर. मुलगा सरळ, निर्व्यसनी. फक्त आधी फोटो पाठवा, असा निरोप होता.

शकुबाईनं नवऱ्याकडं बघितलं. "आवं, गावच्या पोरी उजवल्या तुमी. आता सोताच्या पोरीचा फोटू काढा की त्या टायमाला."

जोतीरामच्या मनात ते आधीच आलं होतं. दुसऱ्यांच्या पोरींचे फोटो काढताना त्याला कधी फसवल्यासारखं वाटलं नव्हतं. ऊन काही खोटं बोलत नाही, तो म्हणायचा. माणूस दिवसातून दोन वेळा चांगला दिसतो, ती वेळ मी धरतो. पण ते कौतुकानं म्हणायचं होतं. आज त्याला भीती वाटत होती, आणि भीतीनं तो कॅमेरा हातात घेत होता. एवढा फरक त्याला तेव्हाही कळला होता, हे पुढं त्यानं स्वतःशी कबूल केलं.

उज्वला चप्पल घालता घालता म्हणाली, "आप्पा, एक बोलू? माझा बारा वाजता काढा."

"काय?"

"बाराच्या उन्हात. जशी आहे तशी. मी एवढी वर्षं थर्माकोल धरला, मला माहीत आहे ना कसं होतं ते. पुढच्याला पसंत पडायची तर तशीच पडू दे. नाहीतर नको."

"खुळी का काय तू? बाराच्या उन्हात देवाचा फोटू बी चांगला येत न्हाई."

"देवाला कुठं नांदायला जायचंय?"

शकुबाईला हसू आलं, पण जोतीराम हसला नाही. तो म्हणाला, "तुला यातलं काय कळतंय? गप पाच वाजता तयार व्हय." उज्वलानं दुसरी चप्पल पायात सरकवली आणि ती बालवाडीकडं निघाली. बापाला उलट बोलणारी ती पोर नव्हती, आणि बापानंही तिला त्या सुरात बोलायची ती पहिलीच वेळ होती.

त्या संध्याकाळी बांधावर थर्माकोल शकुबाईनं धरला. तिला काही तो नीट धरता येईना. उज्वला उभ्या जागेवरून सांगत होती, "आई, जरा खाली. अजून खाली." जोतीराम थांबला. पाच पंचवीस, पाच चाळीस, सहा. ऊन पार हळदीचं झालं, खाडीचं पाणीही त्याच रंगाचं झालं, तेव्हा त्यानं एकामागोमाग चार फोटो घेतले. त्यातला तिसरा. मोतिया रंगाची साडी, मान किंचित वळलेली, आणि त्वचेवर असा उजेड की वाशीच्या लॅबवाल्यानंही विचारलं, कोण हो ही? आयुष्यात जोतीरामनं इतका चांगला फोटो काढला नव्हता. त्यानं त्याची एक मोठी प्रत करून स्टुडिओच्या काचेत लावली.

फोटो पसंत पडला. मग बघायला येतो म्हणाले. इथं थांबला असता तरी जोतीरामचं फारसं चुकलं नसतं. पण एकदा माणूस घसरायला लागला की उतार त्याला आपोआप सापडतो. त्यानं बघायची वेळ साडेपाच दिली. पश्चिमेच्या खिडकीचा पडदा काढला, ट्यूब पेटवू नका म्हणून घरात बजावलं, आणि उज्वलाची खुर्ची खिडकीपासून दोन हातांवर अशी ठेवली की ऊन बरोबर तिच्या गालावर यावं. पाहुण्यांत कुलदीप, त्याची आई काशीबाई आणि मास्तर होते. काशीबाईंनी पोहे खाल्ले, पोरीला दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "फोटूपरमानंच हाय की." ट्रे घेऊन आत जाताना उज्वलानं बापाकडं एकदाच बघितलं.

लग्न चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात झालं. मुहूर्त बारा पस्तीसचा. वसाहतीच्या मैदानात मांडव, वर तापलेलं आभाळ. बाप म्हणून जोतीरामला त्या दिवशी कॅमेरा धरता येत नव्हता, म्हणून मुलाकडच्यांनीच कुणी फोटोवाला आणला होता. अक्षता पडल्या आणि त्या बाबानं दोन्हीकडच्या मंडळींना मांडवाबाहेर उघड्यावर काढलं, आत उजेड कमी आहे म्हणून. दुपारचा एक वाजला होता. मुंडावळ्या, घाम, वितळलेली पावडर आणि डोक्यावर सूर्य. जोतीरामच्या तोंडाशी आलं होतं, अरे बाबा, सावलीत तरी घे. पण वधूपित्यानं कशाकशात तोंड घालायचं? तो हात जोडून उभा राहिला.

पंधरा दिवसांनी अल्बम आला आणि काशीबाईंनी पहिल्या पानावर तो संध्याकाळचा फोटो ठेवून बघितला. मग त्यांनी आल्यागेल्याला दोन्ही दाखवायला सुरुवात केली. "बघा. दाखवली एक, दिली एक. बाप फोटूवाला हाय ना." आता खरं सांगायचं तर काशीबाईंना लग्नाआधीच सगळं दिसलेलं असणार. संध्याकाळच्या उन्हात माणूस उजळ दिसतो, पण काळ्याचं गोरं होत नाही, आणि बाई काही आंधळ्या नव्हत्या. सासूला बोलायला निमित्त लागतं. ते एरवी भाकरी करपण्यात सापडलं असतं. इथं ते जोतीरामनं स्वतःच्या हातांनी, चांगल्या कागदावर छापून दिलं होतं.

कुलदीप वाईट नव्हता. तो आईला उलट बोलायचा नाही, एवढाच. पहिल्या दिवाळीला उज्वला माहेरी आली तेव्हा तिनं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवाळीला शकुबाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. आत्याबाई, म्हणजे काशीबाई, घरात तिला नावानं हाक मारत नाहीत, 'सांजंची' म्हणतात. सांजंची कुठाय, सांजंचीला चहा टाकायला सांगा. शकुबाई रडली. पलीकडच्या खोलीत जोतीराम रोल भरत बसला होता. त्याचे हात थांबले. मग त्यानं जाऊन स्टुडिओच्या काचेतला फोटो काढला आणि भिंतीकडं तोंड करून ठेवून दिला. त्या दिवसापासून त्यानं स्थळाचे फोटो घेणंही सोडलं. कुणी आलं की सांगायचा, डोळ्याला झेपत नाही. धर्मराजनं एकदा विचारलंही, एवढं नाव असताना का सोडलंस? जोतीराम म्हणाला, "माज्या पोरीनं येक मागितलं व्हतं, ते मी दिलं न्हाई." धर्मराजला काही उमजलं नाही.

जोतीरामला स्वतःला उशिरा उमजलं ते हे, की पोरीनं फोटो मागितलाच नव्हता. ती विचारत होती, आप्पा, मी आहे तशी चालते का? आणि बापानं पाच वाजता तयार हो म्हणून सांगितलं होतं. जगानं तीनदा नाही म्हटलं ते तिनं झटकून टाकलं होतं. चौथ्यांदा नाही म्हणणारा घरातला होता. हे आठवलं की जोतीरामला जेवण जायचं नाही.

अशी लग्नाला पाच वर्षं होत आली. नव्व्याण्णवच्या एप्रिलमध्ये एका सकाळी त्यानं कॅमेऱ्यात नवा रोल भरला आणि शकुबाईला म्हणाला, "मी कळंबोलीला जाऊन येतो. पोरीचा फोटू काढायचाय."

"आत्ता? पोचंस्तवर बारा वाजतील की."

"बाराचाच काढायचाय."

मनात सगळं ठरवून तो निघाला होता. पोरीला भर उन्हात उभी करायची. थर्माकोल नाही, सावली नाही. तो फोटो मोठा करायचा, काचेत लावायचा, आणि कुणी विचारलं तर सांगायचं, ही माझी लेक. एसटीत बसल्या बसल्या त्यानं काचेतली जागासुद्धा ठरवली. कळंबोलीला उतरला तेव्हा लोखंडाच्या गोदामांसमोर रचलेल्या सळ्या उन्हानं बघवत नव्हत्या, आणि नव्या रस्त्याच्या कामाची धूळ सगळीकडं बसली होती.

काशीबाई गावी गेल्या होत्या, कुलदीप पेढीवर. उज्वला गच्चीवर होती. जोतीराम जिना चढून वर गेला. ती जुन्या साडीवर कुरडया घालत बसली होती, पाठ वळलेली. तिची चार वर्षांची लेक जाई जिन्याच्या दारातल्या सावलीत बाहुली घेऊन बसली होती. आजोबांना बघून ती पळत उन्हात आली, तशी उज्वला मान न वळवताच ओरडली, "जाई, आत हो आधी. काळी पडशील."

जोतीराम तिथंच थांबला. मग उज्वलानं वळून बघितलं. "आप्पा? अचानक?" ती उठली. कपाळावर घाम, पिठाचे हात, डोळे उन्हानं बारीक झालेले. डोळ्यांखाली खड्डे होते, पण ते बाराच्या उन्हाचेच होते असं काही त्याला म्हणता येईना. बापाला बघून ती हसली. आयुष्यभर ज्या उन्हाला त्यानं नावं ठेवली त्या उन्हात त्यानं लेकीचा चेहरा पहिल्यांदा नीट बघितला. कपाळावरची लहानपणची खोक, वरच्या ओठावरची लव, आजीचं नाक, सगळं काही लपवल्याशिवाय समोर होतं. त्याला ती सुंदर वाटली. बाप आहे म्हणून नव्हे; इतकी वर्षं चेहरे बघणारा माणूस म्हणून वाटली. त्यानं कॅमेरा वर केला.

उज्वलाचा हात झटकन पदराकडं गेला आणि तिनं तोंड झाकून घेतलं.

"आत्ता नको, आप्पा. काय हे भलत्या वेळी? ऊन उतरू द्या."

"बाळ, तूच म्हनली व्हतीस. बाराच्या उन्हात काढा म्हनून. मी त्यासाठीच आलोय."

ती पदराआडूनच म्हणाली, "म्हणाले होते. तेव्हा काढायचा होता." आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "आता नको. आत्याबाई बघतील, परत सुरू होईल सगळं. चला खाली, जेवून घ्या. संध्याकाळी जाईचा काढा. शाळेत द्यायचाय. चांगला काढा हं, तुमच्या त्या वेळेला."

तो खाली गेला, जेवला. तिनं त्याच्यासाठी पिठलं केलं होतं, त्यात लसूण जास्त, त्याला आवडतो तसा. दुपारभर तो चटईवर आडवा पडून छताकडं बघत होता. बाजूला जाई झोपली होती. तिचा रंग आईचाच होता.

पाच वाजता उज्वलानं जाईला न्हाऊ घातलं, पावडर लावली, पिवळा फ्रॉक घातला आणि सगळे पुन्हा गच्चीवर गेले. कुठूनतरी नव्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल तिनं शोधून आणला. जाईला पाण्याच्या टाकीजवळ उभी केली, डाव्या खांद्यावर ऊन येईल अशी. स्वतः गुडघ्यावर बसली आणि तुकडा बरोबर तेवढाच वाकवून पोरीच्या दुसऱ्या गालाजवळ धरला. इतक्या वर्षांनीही तिचा हात चुकला नव्हता.

जोतीरामनं कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत जाई होती, आणि कडेला थर्माकोल धरलेले उज्वलाचे दोन हात.

"आप्पा, अजून दहा मिनिटं थांबा," उज्वला म्हणाली. "ऊन अजून कडक आहे. पोर काळी दिसेल."

जोतीराम थांबला.